गाडी नवी येईल, दार तेच राहील

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गृहस्थांचा आहे. घरात ७४ वर्षांच्या आई, ६ वर्षांचा मुलगा, बोळातलं जुनं घर आणि दोन भिंतींच्या मध्ये जेमतेम एक गाडी शिरेल एवढी जागा. इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची पक्की झाली आहे. शंका तीन. दारात लपणारी हँडलं आपल्या पावसाचिखलात टिकतात का? पंखासारखी वर जाणारी किंवा उलटी उघडणारी दारं भारतातल्या गाड्यांत येणार असतील तर थांबावं का? आणि मनात भरलेल्या गाडीचं नवं डिझाइन वर्षा-दीड वर्षात येणार अशी बोलवा आहे, तर त्यात दारं सुधारून मिळतील का?

शिवाजी उद्यमनगरात मी तीस वर्षं गाड्यांचं बॉडीकाम करतो. ठोकलेली दारं सरळ करणं, बिजागऱ्या बसवणं, रबर बदलणं, गॅप जुळवणं यातच हयात गेली. बॅटरी आणि मोटारीतलं मला कामापुरतंच कळतं. दाराचं मात्र विचारा.

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण लोक तिथंच वर्ष वर्ष वाया घालवतात. थांबून दार बदलून मिळत नाही. फेसलिफ्टमध्ये, म्हणजे चालू गाडीचं रूप पालटतात तेव्हा, बंपर बदलतो, दिवे बदलतात, आतला स्क्रीन मोठा होतो, कधी बॅटरी वाढते, सीटला गार हवा येते. दाराचा पत्रा, छत आणि काचा मात्र बहुतेक वेळा जुन्याच राहतात.

कारण कोल्हापूरकराला समजायला अवघड नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला चालू कामात पॅटर्न बदला म्हणून बघा, कपाळाला आठ्या पडतात का नाही ते. इथं तर गाडीची अख्खी बाजू, पुढच्या काचेच्या खांबापासून मागच्या दिव्यापर्यंत, एका पत्र्यात दाबून काढलेली असते. दारांची भोकं त्याच पत्र्यात. एक पत्रा तयार व्हायला एकामागून एक चार-पाच डाय, म्हणजे पत्रा दाबायचे पोलादी साचे, लागतात: एक ओढणारी, एक कापणारी, एक कड दुमडणारी, एक भोकं पाडणारी. त्यावर प्रत्येक दाराला बाहेरचा पत्रा वेगळा, आतला वेगळा. दाराची रेघ चार बोटं सरकवायची म्हटली की या सगळ्या डाय भंगारात जातात. शिवाय काच नवी, काच उतरवणारी यंत्रणा नवी, रबर नवं, आणि बाजूच्या धडकेची चाचणी पुन्हा करायची. एवढा खर्च कंपनी फक्त नवी पिढी आणताना करते, फेसलिफ्टला नाही.

टाटा नेक्सॉन बघा. २०१७ साली आली, २०२० मध्ये तिचं तोंड बदललं आणि इलेक्ट्रिक आवृत्तीही आली, सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा पुढून-मागून ओळखू येणार नाही एवढी बदलली. पण पार्किंगमध्ये तिन्ही शेजारी लावून बाजूनं बघा, दारं जवळपास तीच दिसतात. महिंद्राची २०१९ ची एक्सयूव्ही ३०० आणि २०२४ ची ३एक्सओ बाजूनं बघितली तरी तोच अनुभव.

दार खरंच बदलतं कधी, त्याचंही उदाहरण आहे. मारुती स्विफ्टच्या २०१८ च्या पिढीत मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या मागच्या काळ्या कोपऱ्यात उभं बसवलं होतं. लांबून गाडी दोन दारांची वाटावी हा हेतू. दिसायला झकास होतं, पण लहान पोरांचा हात पोचायचा नाही आणि पाहुणेमंडळी दारापाशी उभी राहून हँडल शोधायची. २०२४ च्या नव्या पिढीत मारुतीनं ते हँडल गुपचूप दारावर आणून ठेवलं. सहा वर्षं लागली, तीही नवी पिढी आली म्हणून. गंमत अशी की त्याच कंपनीच्या इलेक्ट्रिक ई-विटारात ते परत कोपऱ्यात जाऊन बसलंय.

पुढचं डिझाइन दारापर्यंत पोचणार की नाही हे आधी ओळखायची एक सोपी खूण सांगतो. रस्त्यावर चाचणीला फिरणाऱ्या गाड्यांचे फोटो तुम्ही बघितलेच असतील, काळ्या-पांढऱ्या नक्षीचं आवरण चिकटवलेले. ते आवरण फक्त तोंडाला आणि ढुंगणाला असेल आणि दारं उघडी असतील, तर तो फेसलिफ्ट समजा. दारांवरही आवरण असेल, त्यातही खिडकीची खालची रेघ झाकायला आत फोम भरून पत्रा फुगवलेला असेल, तर नवी पिढी येतेय. बातमीतली वाक्यं वाचण्यापेक्षा फोटोत झाकलंय काय तेवढं बघा. लपवायला काही नसेल तिथं कंपनी कापडसुद्धा वाया घालवत नाही.

आता वर जाणाऱ्या आणि उलट्या दारांकडे येतो. तुमच्या पोराला टेस्लाच्या मॉडेल एक्सचे पंख आवडलेत हे मला न सांगता कळलं. आमच्या दुकानात सुट्टीत येणाऱ्या माझ्या नातवालाही तेच हवं आहे.

या पंखांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मूळ कल्पना जुनी. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचा सांगाडा नळ्यांचा होता आणि त्या नळ्या दाराच्या जागी इतक्या वर यायच्या की साधं दार बसेचना. मग बिजागरी छतावर नेली. म्हणजे ते दार हौस म्हणून नव्हे, अडचण म्हणून आलं. टेस्लानं २०१५ मध्ये मॉडेल एक्स विकायला काढली तेव्हा सांगाड्याची अशी कुठलीच अडचण नव्हती. मुद्दा मागच्या दोन रांगांत वाकल्याशिवाय शिरता यावं हा होता. त्यासाठी त्यांनी दाराला दोन जागी सांधे दिले, एक छतावर आणि एक खिडकीच्या वर. आपण कोपर अंगाशी घेऊन हात वर करतो तसं ते दार उघडतं. त्यामुळं बाजूला फूटभर जागा असली तरी चालतं. डोकं लावलंय, यात वाद नाही.

पण आधी ते दार हायड्रॉलिकवर उचलायचा प्रयत्न झाला. तेल गळायचं, यंत्रणा तापायची, दार मध्येच लोंबायचं. शेवटी विजेच्या मोटारींवर यावं लागलं आणि हायड्रॉलिक पुरवणाऱ्या कंपनीशी कोर्टकज्जाही झाला. गाडी बाजारात यायला झालेल्या उशिरात या दारांचा वाटा मोठा होता. वरचं छत कमी असलं तर दाराला ते स्वतः ओळखावं लागतं, त्यासाठी सेन्सर. बाजूला माणूस उभा असेल तर थांबावं लागतं, त्यासाठी आणखी सेन्सर. छतावर कॅरिअर लावता येत नाही, कारण छतच उघडतं. आणि रबर बघा. साध्या दाराचं रबर एका चौकटीवर दाबलं जातं. इथं छताच्या मध्यभागी आडवी शिवण आहे, तिच्यावर आकाशातलं पाणी सरळ पडतं. साधं सनरूफच बघा. त्याच्या कडेनं पाणी वाहून न्यायला नळ्या असतात, आणि त्यात पाला अडकला की पाणी सीटवर. जून-जुलैत अशा चार-पाच गाड्या दर आठवड्याला माझ्याकडे येतात. गगनबावड्याच्या पावसात छताची शिवण दर वेळी उघडून आईंना उतरवायचं म्हटलं तर आई उतरायच्या आधी सीट भिजेल.

तुमच्या निर्णयापुरतं सांगायचं तर मॉडेल एक्स टेस्लानं भारतात विकायला आणलेली नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईत टेस्लाचं दुकान उघडलं ते मॉडेल वाय घेऊन, आणि तिची दारं साधी आहेत. वर उघडणाऱ्या दारांची इलेक्ट्रिक गाडी भारतात अधिकृतपणे मिळते ती एमजीची सायबरस्टर. पण ती दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, किंमत पाऊण कोटीच्या घरात. तुमच्या कामाची नाही.

उलट्या दारांचं वेगळं आहे. मागच्या दाराची बिजागरी मागे, म्हणजे दोन्ही दारं कपाटासारखी समोरासमोर उघडतात. आपल्याकडे १९५० च्या दशकातल्या फियाट अकराशेची पुढची दारं उलटी होती. माझे उस्ताद त्या फियाटवर हात बसवूनच तयार झाले. ते सांगायचे, चालत्या गाडीत लॉक सुटलं की वारा दाराच्या आत शिरतो आणि दार भिंतीवर आपटल्यासारखं पूर्ण उघडतं. साधं दार अशा वेळी वाऱ्यानं मिटायला बघतं. इंग्रजीत त्या दारांना सुइसाइड डोअर हे नाव पडलं ते उगीच नाही. आताच्या गाड्यांत पुढचं दार उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही, किंवा चालत्या गाडीत लॉक सुटतच नाही, त्यामुळं ती भीती राहिलेली नाही.

भीती गेली, पण अडचण उरली. बीएमडब्ल्यूची आय३ २०१३ ते २०२२ अशी चालली, माझदाची एमएक्स-३० २०२० मध्ये आली. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्हींत मागची दारं छोटी आणि उलटी, पुढच्या-मागच्या दारांमधला खांब नाही. दिसायला एकदम मोकळं. पण मागच्या माणसाला उतरायचं तर आधी पुढच्यानं दार उघडायचं. पार्किंगमध्ये शेजारी गाडी असली की मागून उतरणारा दोन दारांच्या मध्ये अडकतो, पुढं जाता येत नाही, मागं जाता येत नाही. तुमच्या बोळात हे रोज घडेल.

आणि मधला खांब. लोकांना वाटतं तो फक्त सीटबेल्ट लटकवायला आहे. बाजूनं ट्रॅक्टरची ट्रॉली घुसली तर तो धक्का छताकडे आणि खालच्या उंबऱ्याकडे वाटून देणारा हाच खांब. तो काढायचा तर त्याचं काम दारांच्या आत जाड पोलाद घालून करून घ्यावं लागतं, लॉक वर-खाली दोन्हीकडे द्यावं लागतं, म्हणजे दार जड, बिजागरी जड, किंमत जड. दुसरं कारण चाचणीत कुणी मोजत नाही. पुढच्या सीटवरून आई उतरतात तेव्हा हातानं काय धरतात ते एकदा बघा. उजवा हात दाराला, आणि डावा बहुतेक वेळा सीटला नाहीतर त्याच खांबाला. मागून उतरताना तर पहिला हात खांबालाच जातो. साडी नेसलेली म्हातारी बाई उंच गाडीतून उतरते ती त्या खांबाच्या भरवशावर. खांब नाही तर धरायला हवा आहे.

म्हणूनच प्रदर्शनात उलटी दारं दाखवायची आणि कारखान्यातून साधी काढायची अशी रीतच पडून गेली आहे. ह्युंदाईनं २०२१ मध्ये सेव्हन नावाची मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही दाखवली, तिला एका बाजूला मधला खांबच नव्हता. त्यातून २०२४ मध्ये आयोनिक ९ निघाली, चार सरळ दारांची. व्होल्वोनं २०२१ च्या कॉन्सेप्टमध्ये, म्हणजे प्रदर्शनापुरत्या नमुना गाडीत, मागची दारं उलटी दाखवली, २०२२ च्या ईएक्स९० मध्ये ती सरळ झाली. कियाच्या ईव्ही२ चंही तेच, २०२५ च्या कॉन्सेप्टला उलटी दारं आणि विकायच्या गाडीला आपली नेहमीची. आपल्या टाटांनी एप्रिल २०२२ मध्ये अविन्या दाखवली तीही अशीच समोरासमोर उघडणारी होती. जेनेसिसनं मार्च २०२४ मध्ये नेओलुन नावाची खांब नसलेली मोठी एसयूव्ही दाखवली. ती दारं कधी रस्त्यावर आली तरी श्रीमंतांच्या गाडीवर येतील, जिथं मागं बसणारा मालक आणि दार उघडणारा ड्रायव्हर असतो. रोल्स रॉइस कलिननला उलटी दारं शोभतात ती याच हिशेबानं.

सिएरा हे आपल्या घरचं उदाहरण. १९९१ ची सिएरा तीन दारांची होती, मागं वाकलेली मोठी काच, आणि मागच्या माणसानं पुढची सीट वाकवून आत शिरायचं. २०२० च्या ऑटो एक्स्पोत इलेक्ट्रिक सिएराची कॉन्सेप्ट आली तेव्हा जुन्या चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. २०२३ मध्ये तीच पाच दारांची झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलची सिएरा बाजारात आली तीही पाच दारांचीच, काळ्या रंगानं जुन्या काचेचा भास करून. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण तीन दारांची गाडी घरी नेली असती तर महिन्याभरात बायको काय म्हणाली असती तेही माहीत आहे.

बोळासाठी खरोखर उपयोगाचं वेगळं दार कुठलं विचाराल, तर सरकतं. आपल्या वडापच्या, म्हणजे माणसं भरून खेपा मारणाऱ्या, मारुती ओम्नीनं ते पस्तीस वर्षं सिद्ध केलं. भिंतीला खेटून उभी केली तरी आठ माणसं उतरायची. पण सरकत्या दाराला मागच्या पत्र्यात रूळ लागतो, मागच्या चाकाचा फुगवटा आडवा येतो, आणि गाडी एसयूव्हीसारखी न दिसता व्हॅनसारखी दिसते. लोकांना व्हॅन नको असते. एमजीच्या एम९ ला विजेवर सरकणारी दारं आहेत, पण ती भली थोरली गाडी आहे, तुमच्या भिंतींच्या मध्ये शिरणार नाही. म्हणून साध्या दाराच्या गाड्यांत दार किती अंश उघडतं ते बघा. टाटा पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, तिच्या इलेक्ट्रिक आवृत्तीचीही. मोठ्या एसयूव्हींची दारं एवढी उघडत नाहीत. त्यांची रुंदी आरसे सोडून १.९ मीटरच्या आसपास असते, तेव्हा टेप घेऊन आधी भिंती मोजा, मग शोरूम गाठा.

आता हँडल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत दारात काही बदलणार असेल तर हेच बदलणार.

पत्र्यात बुडालेलं हँडल द्यायचं कारण म्हणून वारा कापणं सांगतात. वारा कापला जातो हे खरं, पण हँडलानं मिळणारा फायदा चिमूटभर, तोही हायवेवर. दसरा चौक ते रंकाळा जाताना काही नाही. खरं कारण, गाडी महाग दिसते. टाटा कर्व्ह, महिंद्रा बीई ६, एमजी विंडसर, सगळीकडे आता अशी हँडलं आहेत. बीई ६ ला पुढची बुडालेली आणि मागची कोपऱ्यात लपलेली. त्याउलट हॅरिअर ईव्हीला साधं पकडायचं हँडल आहे, आणि त्या गाडीचा रुबाब त्यानं काही कमी झालेला नाही.

विकणारा तुम्हाला हँडल बाहेर येताना दाखवील. तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. हँडल बाहेर कशानं येतं, बोटानं दाबून की मोटारीनं? आणि लॉक कशानं सुटतं, ओढायच्या तारेनं की करंटनं? या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. काही गाड्यांत हँडल हातानं बाहेर येतं, पण ते नुसतं बटण असतं, आतलं लॉक करंटवरच सुटतं. अमेरिकेत २०२१ च्या टेस्ला मॉडेल वायबद्दल नेमकी हीच तक्रार होती. १२ व्होल्टची बॅटरी मंदावली की बाहेरून हँडल ओढूनही दार उघडायचं नाही. पोर आत आणि आईबाप बाहेर अशी वेळ आली, काहींनी काच फोडली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं सुमारे १ लाख ७४ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली.

इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी असून १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी का, हे मला दिवसातून एकदा कुणीतरी विचारतंच. लॉक, दिवे, काचा, स्क्रीन, सगळं त्या छोट्या बॅटरीवर चालतं. मोठी बॅटरी जोडणारा स्विचसुद्धा तिच्याच करंटनं बसतो. ती छोटी उतरली की मोठी ८० टक्के भरलेली असून गाडी दगड.

चीननं यावर सरळ नियमच केला. १ जानेवारी २०२७ पासून तिथं नव्या मॉडेलांच्या दारांना आतून आणि बाहेरून करंटशिवाय चालणारी, हातानं उघडायची सोय असलीच पाहिजे. चीनमधल्या काही अपघातांत जळत्या गाडीची दारं बाहेरून उघडली नाहीत, त्यानंतर हे झालं. टेस्लाच्या डिझाइनप्रमुखांनीही आपण हँडलाची रचना बदलतोय असं २०२५ मध्ये सांगितलं. जगातल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या जिथं खपतात तिथला नियम बदलला की सुटे भाग बनवणारे तेच नवं हँडल सगळीकडे पुरवतात. शिवाय हँडल बदलायला दाराच्या सगळ्या डाय टाकाव्या लागत नाहीत. पत्र्यातला खळगा बदलणारी एखादी डाय बदलली की भागतं. म्हणून माझा अंदाज असा, की येत्या फेसलिफ्टांत दार तसंच राहील, पण त्यावर बोटं अडकवता येतील असं हँडल परत येईल. तुम्ही थांबणार असाल तर थांबण्यासारखी दारातली गोष्ट एवढीच.

आपल्या हवेत ही हँडलं टिकतात का? माझा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर राधानगरीकडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी आली, डाव्या बाजूचं मागचं हँडल अर्धं बाहेर येऊन थांबायचं. दार उघडून आतलं कव्हर काढलं तर हँडलामागच्या खळग्यात लाल मातीची खीर बसून वाळलेली. शेतातनं आलेली गाडी, ऊसतोडीच्या रस्त्यावरचा चिखल, आणि धुताना प्रेशरचा पाइप नेमका फटीवर धरलेला. मातीनं आधी पाणी जायचं भोक बुजवलं, मग मोटारीचा दात घासला. नुसतं हँडल बदलायचं तर ते मोटारीसकट आख्खं येतं, आणि साध्या हँडलाच्या कितीतरी पट महाग. इथं मीच एक चूक करून बसलो. आधीच्या खेपेला त्याच गाडीच्या हँडलाला मी सवयीनं ग्रीस लावून दिलं होतं. ग्रीसवर धूळ बसते, धुळीची लेई होते. आता मी फक्त सिलिकॉनचा फवारा देतो, तोही पुसून. तुम्हीही घरी एवढंच करा, आणि धुताना पाइप फटीपासून हातभर लांब ठेवा.

पुराचं बोलल्याशिवाय कोल्हापुरात दाराबद्दलचं बोलणं संपत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात अडकलेल्या गाडीचं दार का उघडत नाही याचा हिशेब सोपा आहे. मीटरभर रुंद दारावर बाहेरून ३० सेंटिमीटर पाणी चढलं आणि आत अजून आलं नाही, तर दारावर सुमारे ४५ किलोचा रेटा असतो. कडेला ढकललं तर त्याच्या निम्मा जोर लागतो, जमून जातं. पाणी ६० सेंटिमीटर झालं की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, १८० किलो. कडेला ९० किलो ढकलावे लागतील, ते आईंना काय, तुम्हालाही बसल्या जागी जमणार नाही. म्हणजे पाणी उंबऱ्याला लागलं की तेव्हाच उतरायचं, नाहीतर काच खाली घ्यायची. काच करंटवर, लॉक करंटवर, तेव्हा करंट असेतोवर. कारमध्ये काच फोडायची हातोडी ठेवलीत तर आधी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचा, काच कुठल्या प्रकारची ते तिथं कळतं. काही महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांत आवाज कमी व्हावा म्हणून बाजूलाही दोन थरांची काच असते. ती हातोडीनं तडकते, पण गळून पडत नाही.

मग तुम्ही काय करायचं. आवडलेली गाडी चाचणीच्या आवरणात फक्त तोंड झाकून फिरत असेल, तर दारासाठी थांबू नका. बॅटरी किंवा किमतीसाठी थांबायचं तर तो हिशेब वेगळा. शोरूममध्ये आईंना आणि मुलाला घेऊनच जा. आईंना चारही दारांनी चढा-उतरायला लावा. इलेक्ट्रिक गाडीत पायाखाली बॅटरी असल्यानं तळ उंच येतो, त्यामुळं नुसतं बघून अंदाज येत नाही. मुलाला सांगा, मागच्या सीटवर बस आणि कुणालाही न विचारता दार उघडून बाहेर ये. चाइल्ड लॉक काढून ठेवा, नाहीतर विकणारा त्याच्यावर ढकलेल. मग विकणाऱ्याला म्हणा, १२ व्होल्टची बॅटरी मेली आहे असं समजा आणि मला गाडी बाहेरून उघडून दाखवा. किल्लीतली लोखंडी पट्टी कुठं आहे, तिचं भोक कुठल्या टोपणामागं आहे, आतली हातानं ओढायची तार पुढं कुठं आणि मागं कुठं, हे त्यानं पुस्तक न उघडता दाखवलं तर ठीक. काही गाड्यांत मागची तार दाराच्या खिशातल्या चटईखाली असते. अंधारात ती कुणाला सापडणार? असली गाडी घेतलीत तर तिथं लाल फीत बांधून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना एकदा ओढायला लावा.

सुरक्षेचं एका वाक्यात सांगतो, बाजूच्या धडकेला या गाड्या कच्च्या नाहीत. भारत एनकॅप या सरकारी धडक-चाचणीत महिंद्राची एक्सईव्ही ९ई आणि टाटाची हॅरिअर ईव्ही या दोघींनी मोठ्या माणसांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण घेतले आहेत, आणि दोन्हींना मधला खांब जागच्या जागी आहे.

बुडालेल्या हँडलाची गाडी घेतलीत, तर डिलिव्हरीच्या वेळी रंगावर पारदर्शक फिल्म मारायचा आग्रह होईल. गाडीला खुशाल मारा, पण हँडलाच्या कडेवरून आत दुमडू देऊ नका. वर्षभरात उन्हानं फिल्मची कड उकलते, फटीत अडकते आणि हँडल आत जायचं थांबतं. मागच्या महिन्यात अशा दोन गाड्यांच्या कडा मी ब्लेडनं कापून दिल्या.